बिऱ्हाडाची हमी

आमच्या पुण्याच्या घरी एक पत्र्याची पेटी होती. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमची दोन खोल्यांची जागा. तिच्यात स्वतःचा म्हणावा असा कोपरा कुणालाच नव्हता. पण ती पेटी मात्र खास वडिलांची. तिला पितळी कुलूप असे आणि किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असे. रविवारी दुपारचे जेवण झाले की ते पेटी उघडून बसत. आत असत ती गॅरंटी कार्डे. घड्याळाचे, रेडिओचे, आईच्या शिवणयंत्राचे. शिवाय एका फाउंटन पेनची पावती. ते पेन हरवून चार वर्षे झाली होती, पण पावती घडी न मोडता जपलेली होती.

१९६७ साली, मी बारा वर्षांचा असताना, वडील अचानक गेले. दिवस उरकल्यावर मामांनी ती पेटी उघडली. घरातल्या प्रत्येक वस्तूची गॅरंटी तिच्यात होती. वडिलांची तेवढी नव्हती. विम्याचे एजंट दर वर्षी दिवाळीच्या सुमारास येत, चिवडा-चहा घेत, आणि वडील त्यांना 'पुढच्या वर्षी नक्की' असे सांगून निरोप देत. आईला तर बँक कोणत्या गल्लीत आहे हेही ठाऊक नव्हते.

तेव्हापासून मी हमी घेणारा माणूस झालो. १९७९ साली नोकरीसाठी अमेरिकेत, न्यू जर्सीत आलो, तो या बाबतीत जणू स्वर्गातच आलो. इथे काहीही विकत घ्या, पैसे देताना समोरचा माणूस विचारतोच, 'थोडे जास्त देऊन हमी वाढवून घेता का?' मी आजवर टीव्हीची घेतली, कपडे धुण्याच्या यंत्राची घेतली. इतकेच काय, पाव भाजण्याच्या टोस्टरचीसुद्धा घेतली. टोस्टर एकवीस डॉलरांचा होता आणि हमी सहा डॉलरांची. आमच्या सौभाग्यवती तेव्हा म्हणाल्या होत्या, "लग्नाच्या वेळी माझी वाढीव हमी कुणाकडून लिहून घेतलीत हो?" या प्रश्नाचे उत्तर मला अजून सुचलेले नाही.

एवढे पाल्हाळ लावले ते गेल्या दोन-तीन वर्षांतली एक हकीकत सांगावी म्हणून. तिच्यात मी आयुष्यात प्रथमच हमीला नकार दिला. खरे म्हणजे मी दिला नाही. माझ्याकडून देववला गेला.

झाले असे की आम्ही एक मोटारघर घेतले. इथे त्याला आर. व्ही. म्हणतात. ट्रकच्या सांगाड्यावर एक छोटेखानी बिऱ्हाड बसवलेले असते. आमचे पंचवीस फूट लांब आहे. त्यात गॅसची शेगडी आहे, फ्रिज आहे, पलंग आहे, न्हाणी आणि संडास आहे. आणि गंमत म्हणजे बटण दाबले की एक भिंत कोचासकट अडीच फूट बाहेर सरकते आणि खोली मोठी होते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण कीव करण्याच्या सुरात वापरतो. अमेरिकेत तीच अवस्था विकत घेण्यासाठी लोक कर्ज काढतात.

ही हौस माझी नव्हे. सौ. इथल्या सार्वजनिक वाचनालयात सव्वीस वर्षे नोकरीला होती. प्रवासाच्या पुस्तकांचे आणि नकाशांचे कपाट तिच्याकडे होते. निवृत्तीच्या दिवशी घरी येऊन पर्स टेबलावर ठेवताच ती म्हणाली, "लोकांना डोंगर दाखवून दाखवून कंटाळले. आता मला बघायचेत." मी हो म्हटले. पुढे तीन महिन्यांनी माझ्या हृदयावर बायपास करावे लागले. त्यातून उठल्यावर तर नाही म्हणण्याची हिंमतच उरली नाही.

नवे मोटारघर आमच्या आवाक्याबाहेरचे होते. चार वर्षे वापरलेले, एकवीस हजार मैल चाललेले एक आम्हांला बासष्ट हजार डॉलरांना पसंत पडले. कारखान्याने दिलेली हमी अर्थातच संपली होती. सौदा ठरला, हस्तांदोलन झाले. आणि मग विक्रेत्याने आम्हांला आतल्या एका खोलीत नेले. ज्यांनी इथे गाडी घेतली आहे त्यांना ही खोली ठाऊक असते. बाहेर गाडी विकतात आणि आत भीती विकतात.

खोलीतला तरुण फार गोड बोलणारा होता. त्याने आधी माझ्या प्रकृतीची चौकशी केली आणि मग गाडीच्या प्रकृतीची काळजी सुरू केली. "साहेब, हे घर आहे आणि ताशी साठ मैलांनी धावणार आहे. तुमच्या घराला रोज भूकंप झाला तर काय काय मोडेल, विचार करा." उपमा चांगली होती, आणि खोटीही नव्हती. मोटारघरात दोन गाड्या असतात: एक इंजिन-चाकांची आणि एक संसाराची. दुसरीत पाण्याचा पंप, पाणी तापवायचा बंब, छतावरचे वातानुकूलन, विजेचे जनित्र, सरकती भिंत, अशी दहा यंत्रे दहा कारखान्यांतून आलेली. कोणते यंत्र केव्हा रुसेल सांगता येत नाही. कारागिराची मजुरी तासावर. आणि तो तासाला जे घेतो त्यात माझ्या लहानपणी आमच्या वाड्याचे वर्षाचे भाडे निघाले असते.

सात वर्षांच्या हमीची किंमत त्याने सांगितली ७,९०० डॉलर. मी गप्प राहिलो. माझे गप्प राहणे त्याला घासाघीस वाटली असावी. तो 'आत विचारून येतो' म्हणून गेला आणि ६,४०० घेऊन परत आला. सौ. जवळच्या पर्समध्ये चष्मा शोधत होती. तेवढ्यात ५,६०० झाले. माझ्या कानात सौ. पुटपुटली, "तुळशीबागेत एवढ्यावर मी उठून चालायला लागते." पण मी कागद घरी नेऊन वाचतो म्हणालो. हे त्याला आवडले नाही. आजचा भाव आजच, असे तो म्हणाला. मी त्याला वडिलांच्या पेटीची गोष्ट सांगितली नाही; एवढेच म्हणालो, "न वाचता सही करायची मला सवय नाही." एक आठवड्याची मुदत मिळाली.

तो करार चोवीस पानांचा होता. रोज सकाळी चहा झाला की मी पेन्सिल घेऊन बसे. पहिला शोध लागला तो नावाचाच. ज्याला सारे जण वाढीव हमी म्हणतात ती कायद्याने हमी नव्हेच! १९७५ साली अमेरिकेत मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा झाला. वस्तूच्या किमतीतच जी येते, वेगळे पैसे पडत नाहीत, ती हमी. वेगळे पैसे मोजून घ्यायचा तो सेवा-करार. विकणारा एक, करार सांभाळणारी कंपनी दुसरी, आणि तिच्या पाठीशी बहुधा तिसरी एक विमा कंपनी. ती तिसरी पाठीशी नसेल आणि दुसरी बुडाली, तर आपला कागद रद्दीच्या भावाचा.

दुसरा शोध सौभाग्यवतींनी लावला. असे करार दोन जातींचे असतात. एकात कोणकोणते भाग भरून मिळतील त्यांची यादी असते. यादीत नाव नाही तर पैसे नाहीत. दुसऱ्यात काय भरून मिळणार नाही त्याची यादी असते. बाकी सारे मिळते. मला हे दोनदा वाचूनही नीट उमगेना. ती भाजी निवडत होती, तिथूनच म्हणाली, "त्यात काय कठीण आहे? उपासाचंच की. काही घरांत उपासाला काय चालतं ते सांगतात, काही घरांत काय चालत नाही ते सांगतात. पहिल्या घरात उपाशी राहावं लागतं." मी तिला तत्काळ आमचा करार दाखवला. तो दुसऱ्या, म्हणजे बऱ्या जातीचा होता. पण 'काय चालत नाही' याची यादी साडेतीन पाने होती!

टायर नाहीत. बॅटऱ्या नाहीत. पडदे, गाद्या, कपाटांची दारे नाहीत. वापराने झिजलेले नाही, गंजलेले नाही, कुजलेले नाही. करारापूर्वीचा दोष नाही. वेळच्या वेळी निगा राखल्याच्या पावत्या नसतील तर काहीच नाही. आणि पाणी झिरपून झालेले नुकसान तर मुळीच नाही. इथे मी पेन्सिल खाली ठेवली. कारण मोटारघराचा खरा शत्रू पाणी. छताच्या कडेला, खिडक्यांच्या चौकटीशी जो लांबीसारखा मसाला भरलेला असतो तो उन्हाने तडकतो, फटीतून पाणी भिंतीत उतरते, आणि आतले लाकूड वर्षभर गुपचूप कुजत राहते. बाहेर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. त्यावर उपाय एकच: दर दोन-तीन महिन्यांनी शिडी लावून वर चढायचे आणि फट दिसली की भरायची. आमच्या वाड्यात मृग लागण्यापूर्वी कौले चाळून घेत, तसेच हे. चाळली नाहीत तर पावसाळाभर घरात पातेली मांडायची. त्याची हमी कुणी कुणाला मागत नसे.

आता सल्लागारांची पाळी. आमचा मुलगा हिशेबतपासनीस आहे. तो फोनवर म्हणाला, "बाबा, साधं गणित आहे. कंपनी शंभर जणांकडून पैसे घेणार. त्यातून विकणाऱ्याचं कमिशन, ऑफिसचा खर्च, नफा जाणार. उरेल ते दुरुस्त्यांना. म्हणजे सरासरी माणसाला दिले त्यापेक्षा कमीच परत मिळणार. जे नुकसान आपल्याला सोसता येत नाही त्याचाच विमा घ्यावा. घर जळालं, अपघात होऊन कुणी दगावलं, त्याचा घ्या. पंप बिघडला त्याचा कशाला?"

"अरे, पण मी सरासरी माणूस असेन याची काय हमी?" मी विचारले. तो हसला, पण उत्तर त्याच्याकडेही नव्हते.

मुलगी डॉक्टर आहे. ती म्हणाली, "बाबा, तुम्हांला त्या कागदाने रात्री झोप लागणार असेल तर घ्या. तुमच्या झोपेपेक्षा पाच हजार डॉलर मोठे नाहीत." दोन्ही मुलांचे मला पटले, म्हणजे मी होतो तिथेच राहिलो.

मग मित्र. आमच्या मराठी मंडळातल्या एका स्नेह्यांकडे मोठे, डिझेलवर चालणारे मोटारघर आहे. त्यांचा गिअरबॉक्स वाटेत गेला, आणि कंपनीने नऊ हजारांच्या वर रक्कम मुकाट्याने भरली. ते हमीला देव मानतात. दुसऱ्या स्नेह्यांचा फ्रिज बंद पडला. त्यांनी सारी निगा स्वतःच्या हातांनी राखली होती, अगदी प्रेमाने. पण प्रेमाची पावती नव्हती. दावा फेटाळला गेला. ते हमीचे नाव काढले तरी तोंड फिरवतात. एकाच देवळातून एक जण नवस फेडून येतो आणि दुसरा चप्पल हरवून. देवळाविषयी मत कुणाचे घ्यायचे?

आठवडा संपत आला. मी मनातून सही करायचे ठरवूनच टाकले होते. शेवटच्या रात्री झोपायला गेलो आणि कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावरच राहिले. सकाळी उठून पाहतो तर सौ. चष्मा लावून ते वाचत बसलेली. चहा गार झाला होता. तिने एकविसावे पान माझ्यासमोर सरकवले. करार दुसऱ्याच्या नावावर करण्याचे कलम तिथे होते. मी त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या आणि समासात पेन्सिलीने लिहिले होते: 'माझ्यानंतर आपोआप हिच्या नावावर होतो का? विचारणे.' आणि त्याखाली: 'एकच फोन नंबर. ही एकटी असली तरी पुरेल.'

मी काही बोललो नाही.

"अहो," ती म्हणाली, "गाडी बंद पडायची भीती तुम्हांला नाहीच मुळी. तुम्ही स्वतः बंद पडायच्या भीतीनं हे घेताय."

आता नाकारण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "मग त्यात वाईट काय? गाडीतलं तुला काही ठाऊक नाही. उद्या कुठल्या तरी माळरानात मला काही झालं तर तू काय करशील? आईसारखी स्थिती तुझी होऊ नये एवढंच..."

"सासूबाईंसारखी म्हणजे कशी?" तिने मध्येच विचारले. "ते मशीन बिघडलं तेव्हा काय केलं त्यांनी? तुम्हीच सांगितलंय मला."

केले होते ते असे. वडील गेल्यानंतर आईने शिवण घेऊन आम्हां भावंडांना वाढवले. एकदा मे महिन्याच्या अखेरीस, शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलेला असताना, यंत्र अडकून बसले. पेटीतल्या कार्डावरची मुदत केव्हाच संपली होती. दुकानदार म्हणाला, आठ दिवस ठेवून जा. आठ दिवस ठेवले तर शाळा सुरू झाल्यावर गणवेश मिळणार! त्या रात्री आईने जमिनीवर वर्तमानपत्र पसरले, यंत्र उघडले, प्रत्येक स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडला. मी कंदील धरून बसलो होतो. आत दोऱ्याचा गुंता आणि धुळीचा बोळा निघाला. तिने तो काढला, तेल घातले, आणि उलट्या क्रमाने सारे बसवले. पहाटे यंत्राचा आवाज ऐकून मी जागा झालो. तो आवाज माझ्या कानांत अजून आहे. पुढे तिने ते यंत्र कधीच दुकानात नेले नाही. बँकेची गल्लीही तिने शोधून काढली होती. पण इतकी वर्षे मला आठवत राहिली ती पेटीसमोर बसलेली आई. यंत्रासमोर बसलेली नव्हे.

"मला कागद नको," सौ. म्हणाली. "मला किल्ली द्या आणि शिकवा."

दुपारी आम्ही त्या गोड तरुणाला नाही म्हणून सांगितले. त्याने ५,१०० सांगितले; मग खांदे उडवले. मी एकच हट्ट धरला: घेण्यापूर्वी आपल्या पैशाने एक स्वतंत्र तपासनीस बोलवायचा. त्याने सहा तास गाडी वरखाली तपासली. छताच्या झरोक्यापाशी एक फट आणि गॅसच्या नळीत एक बारीक गळती दाखवली. विक्रेत्याला दोन्ही दुरुस्त करून द्यावी लागली. ५,६०० डॉलर आम्ही बँकेत वेगळ्या खात्यात टाकले. मुलगा म्हणाला, "आई, याला स्वतःच स्वतःचा विमा उतरवणं म्हणतात." ती म्हणाली, "आम्ही याला तुरीच्या डाळीचा डबा म्हणतो." खात्याचे नाव 'डबा' असेच पडले आहे.

मग शिकवणी सुरू झाली. नवऱ्याने बायकोला मोटार शिकवणे ही संसारातली सर्वांत अवघड परीक्षा. साधी मोटार ती पंचेचाळीस वर्षे चालवते आहे. पण हे धूड वळवताना मागचे टोक उलट्या बाजूला झुलते. न्यू जर्सीत एवढ्या गाडीला नेहमीचा परवाना पुरतो, नवरा मात्र नेहमीचा पुरत नाही. रविवारी पहाटे एका बंद बाजाराच्या मोकळ्या आवारात आम्ही जात असू. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "तुम्ही खाली उतरा आणि लांब जाऊन उभे राहा." मी उतरलो. तिला पहिल्याच झटक्यात जमले.

टायरांतली हवा, गॅसचा मुख्य नळ, जनित्राचे तेल, छतावरच्या फटी, सारे ती वहीत लिहून घेई, मराठीत. मोटारघरात सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. मोरीचे पाणी एकीत, संडासाचे दुसरीत. या दुसरीला इथे 'काळे पाणी' असेच म्हणतात. दर चार दिवसांनी जाड नळी लावून ती रिकामी करावी लागते. आधी काळी, मग मोरीची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी धुतली जाते. "सावरकरांच्या गावचे आपण," ती हातमोजे चढवत म्हणाली, "काळ्या पाण्याला भिऊन कसं चालेल?" सावरकर भगूरचे आणि आम्ही पुण्याचे, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

पुढच्या जूनमध्ये आम्ही यलोस्टोनला निघालो. १८७२ साली स्थापन झालेले ते राष्ट्रीय उद्यान सौ.च्या कपाटातल्या पुस्तकांत पहिल्या ओळीत असे. आमच्या न्यू जर्सीतून निघणारा ऐंशी क्रमांकाचा हमरस्ता थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जातो. नेब्रास्कात तो प्लॅट नदीची सोबत धरतो. तिथे नॉर्थ प्लॅट नावाचे गाव आहे आणि जगातले सर्वांत मोठे रेल्वे यार्ड आहे. ते पाहून मुक्कामावर आलो, रात्र काढली, आणि सकाळी निघताना बटण दाबले तर सरकती भिंत आत येईना! बाहेर आलेल्या भिंतीसकट गाडी चालवता येत नाही. त्यातून माझी कंबर आदल्या दिवसापासून धरलेली. मला वाकताही येत नव्हते.

सौ.ने वही काढली. फ्यूज पाहिला, ठीक. बॅटरी पाहिली, ठीक. मग ती गाडीखाली गेली. भिंत ओढणाऱ्या विजेच्या मोटरचा ब्रेक सोडून तिचे टोक पान्याने फिरवले की भिंत हाताने आत घेता येते. हे तिने लिहून ठेवले होते. मी विसरलो होतो. मी बाहेर खुर्चीवर बसून सूचना द्यायला सुरुवात केली. गाडीखालून आवाज आला, "अहो, तुम्ही कंदील धरा म्हणजे झालं." सकाळचे दहा वाजले होते. मी मुकाट्याने विजेरी धरली. वीस मिनिटांत भिंत इंचाइंचाने आत गेली.

कारागिराने दोन दिवसांनी वाटेत मोटर बदलून दिली. बिल १,१४० डॉलर, डब्यातून. मधले दोन दिवस गाडी तिनेच चालवली. मी शेजारी बसून नकाशा पाहत होतो आणि मनातल्या मनात तो चोवीस पानांचा करार चाळत होतो. कराराने मोटरचे पैसे बहुधा दिले असते. पण परवानगीचा फोन, तपासणीची वाट, भाग येण्याची वाट, यांत दिवस किती गेले असते? पैसे भरून देणारे करार पुष्कळ आहेत. दिवस भरून देणारा मला अजून कुणी दाखवलेला नाही. आणि आमच्या वयाला टंचाई आहे ती दिवसांची.

यलोस्टोनला ओल्ड फेथफुल नावाचे गरम पाण्याचे प्रसिद्ध कारंजे आहे. नावच 'जुना विश्वासू'. ते पुन्हा केव्हा उडेल याची वेळ तिथे लिहिलेली असते आणि सोबत टीप असते: दहा मिनिटे इकडेतिकडे. सौ. म्हणाली, "बघा. याचीसुद्धा पक्की हमी नाही. पण उडतं."

आम्ही जिंकलो असा कुणाचा समज होऊ नये. दोन वर्षांत डब्यातून ३,२७५ डॉलर गेले आहेत. उद्या जनित्र गेले तर डबा रिकामा होईल आणि मग मुलगा हसेल की तो गोड तरुण हसेल, सांगता येत नाही. आमच्या त्या डिझेलवाल्या स्नेह्यांना मी आजही हमी घ्याच म्हणेन. त्यांच्या एका बिलात आमचा अख्खा डबा बुडेल. ज्याच्या गाठीला डबा नाही, कर्जाचे हप्ते आहेत, त्यानेही कागद घ्यावा. मात्र पानन्‌पान वाचून, पाठीशी विमा कंपनी आहे का ते पाहून, आणि पहिल्या भावाला मुळीच न भुलता. मी काही हमीचा शत्रू झालेलो नाही. एवढेच कळले की ज्या गोष्टीची मला हमी हवी होती ती त्या खोलीत विकायलाच नव्हती.

आमच्याकडे दिवाळीच्या आसपास थंडी उतरू लागते. कडक गारठ्यापूर्वी मोटारघराच्या नळांतले पाणी काढून त्यांत न गोठणारे गुलाबी औषध भरावे लागते, नाहीतर नळ फुटतात. फराळ आणि आकाशकंदील यांच्याबरोबर हेही आता आमच्या दिवाळीच्या कामांत आले आहे. गेल्या खेपेला ती चकल्या करण्यात गुंतली होती म्हणून मी एकटाच वही घेऊन गेलो. औषध भरून झाले. पाने चाळता चाळता शेवटपर्यंत आलो. टायर आणि टाक्या संपल्यावर एक कोरे पान सोडून तिच्या बारीक अक्षरात निराळेच काही लिहिलेले होते.

वर मथळा होता: 'ह्यांच्यासाठी'. खाली: 'तांदळाला दुप्पट पाणी. डाळ आधी भिजवावी. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. सकाळची गोळी पांढरी, रात्रीची पिवळी. बँकेचे कागद माझ्या साड्यांच्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात. मुलांना रविवारी फोन करावा, ती करतील म्हणून वाट पाहत बसू नये.'

मी बराच वेळ तिथेच बसलो. आतून चकल्यांचा वास येत होता. मग वही जागेवर ठेवून घरात गेलो आणि म्हणालो, "अगं, आज वरणभात मी लावतो. तू फक्त बघ."

तिने माझ्याकडे एकदा पाहिले. काय ते समजली. सोऱ्या खाली ठेवून पीठ लागलेल्या हातानेच तिने कुकर पुढे सरकवला.

"आधी झाकणातली रिंग बघा," ती म्हणाली. "वर्षा-दोन वर्षांनी बदलावी लागते. तिची काही गॅरंटी नसते."